श्रीलंकेच्या जंगलांत दोघांनी सॅक पाठीवर घेऊन फिरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीलंकेचे क्षेत्रफळ सुमारे ६५,६१० चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा बेटावर हत्ती, बिबट्या, अस्वल, मगर, निळा देवमासा आणि समुद्री कासवांच्या पाच जाती पाहता येतात, आणि बस व रेल्वेने फिरणाऱ्या माणसालाही त्यांतील बहुतेकांपर्यंत पोहोचता येते. पुढील प्रश्न प्रामुख्याने अशा जोडप्यांचे आहेत, ज्यांना ठरीव सहल नको आहे आणि ज्यांना देवळे व किनारे यांच्यापेक्षा अधिक वेळ जंगलाला द्यायचा आहे.

कोणत्या महिन्यात जावे?

या प्रश्नाचे उत्तर महिन्यावरून द्यायचे नसते, दिशेवरून द्यायचे असते. बेटावर दोन मोसमी पाऊस येतात. साधारण मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे दक्षिण व पश्चिम किनारा आणि डोंगराची पश्चिम बाजू भिजवतात, तर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य वारे पूर्व व उत्तर भागात पाऊस आणतात. मध्यभागी असलेला डोंगराळ प्रदेश हे वारे अडवत असल्यामुळे एका बाजूला धो धो पाऊस चालू असताना दुसऱ्या बाजूला धूळ उडत असते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांत मात्र पाऊस कुठेही पडू शकतो, आणि त्याच सुमारास बंगालच्या उपसागरातील वादळांचाही धोका असतो.

म्हणून जानेवारी ते मार्च या काळात जाणाऱ्यांनी दक्षिण किनारा, सिंहराजाचे वर्षावन आणि डोंगराळ भाग निवडावा. जुलै ते सप्टेंबर हा काळ मिळत असेल तर उत्तर-मध्य भागातील कोरडे जंगल आणि पूर्व किनारा निवडावा. कोरड्या पट्ट्यातील उद्यानांत उन्हाळा जितका पुढे सरकतो तितके पाणवठे कमी होतात आणि उरलेल्या पाण्यावर प्राणी एकत्र येतात. आपल्याला घाम फुटणारे दिवस हेच तिथे प्राणी दिसण्याचे दिवस असतात, हे दोघांनीही निघण्यापूर्वी मान्य केलेले बरे.

दोन आठवड्यांत संपूर्ण बेट पाहून होईल का?

नकाशा पाहून तसे वाटते, परंतु ते होत नाही आणि करूही नये. कँडी ते एल्ला हा रेल्वेप्रवास सहा ते सात तासांचा आहे, बसगाड्या वळणावळणाच्या रस्त्यांनी जातात, आणि प्रत्येक वेळी मुक्काम हलवताना सामान बांधणे, थांबा शोधणे, नवे गेस्ट हाउस गाठणे यांत अर्धा दिवस सहज जातो. ज्या जोडप्यांचा प्रवास कडवट होतो, त्यांच्या बाबतीत कारण बहुधा जंगल नसते; रोज सकाळी सॅक भरण्याचा कंटाळा हे कारण असते.

वन्यजीवांच्या बाबतीत याहूनही महत्त्वाचे कारण आहे. एका सफारीत काहीच न दिसणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे, आणि ज्यांनी एका उद्यानासाठी एकच सकाळ राखून ठेवलेली असते त्यांना त्या सकाळी जे मिळेल त्यावर समाधान मानावे लागते. एका ठिकाणी तीन रात्री राहिल्यास दुसरी फेरी करता येते, पहिल्या दिवशीच्या चालकाची पारख करून तो बदलता येतो, आणि दोघांपैकी एकाला थकवा आला तर एक दिवस नुसते व्हरांड्यात बसूनही काढता येतो. दोन आठवड्यांत चार मुक्काम पुरेसे आहेत, पाच म्हणजे धावपळ.

जानेवारी ते मार्च या काळासाठी कँडीहून रेल्वेने हॉर्टन प्लेन्स पठाराच्या पायथ्याकडचा भाग, तेथून हत्तींसाठी उडवलवे, नंतर देनियाया मार्गे सिंहराजा आणि अखेरीस दक्षिण किनाऱ्यावरील मिरिस्सा असा क्रम सोयीचा पडतो. जुलै ते सप्टेंबरसाठी विल्पत्तूचे उद्यान, हत्तींसाठी हबराना आणि पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमाली एवढे तिघेच भरपूर होतात.

बिबट्यासाठी ‘याला’ हे राष्ट्रीय उद्यान निवडावे की विल्पत्तू?

श्रीलंकेत वाघ, सिंह, लांडगा आणि रानकुत्रा यांपैकी कोणीच नाही. त्यामुळे बिबट्या तिथे अन्नसाखळीच्या टोकाला आहे, आणि इतर देशांतील बिबट्यांच्या तुलनेत तो दिवसाढवळ्या, उघड्यावर, खडकावर पसरलेला दिसण्याची शक्यता अधिक असते. यालाचा पहिला विभाग हा जगात बिबट्यांची घनता सर्वाधिक असलेल्या प्रदेशांत गणला जातो.

तरीही आमचे मत विल्पत्तूच्या बाजूने आहे. यालामध्ये बिबट्या दिसल्याची बातमी भ्रमणध्वनीवरून पसरते आणि काही मिनिटांत वीस-तीस जीपगाड्या त्या एका झाडाखाली गोळा होतात. धूर, हॉर्न आणि पुढे घुसण्याची चढाओढ यांमध्ये तो प्राणी दिसला तरी तो पाहिला असे म्हणवत नाही. विल्पत्तू हे १,३०० चौरस किलोमीटरांहून मोठे, बेटावरील सर्वांत विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील ‘विल्लू’ नावाने ओळखली जाणारी नैसर्गिक तळी, त्यांच्या काठची पांढरी वाळू आणि मधले दाट जंगल यांमुळे दिवसभराची फेरी प्राणी न दिसताही रिकामी वाटत नाही. तिथे प्राणी दिसण्याचे प्रमाण कमी आहे, हे खरे. पण दिसला तर बहुधा आपली जीप आणि तो एवढेच असतात.

यालालाच जायचे असल्यास तिस्समहाराममध्ये राहावे आणि चालकाशी आदल्या दिवशी बोलताना स्पष्ट सांगावे की गर्दीच्या ठिकाणी धावण्याची घाई आम्हाला नाही. पहिला विभाग साधारण सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कोरड्या हंगामामुळे बंद ठेवला जातो, त्या काळात दुसरा पर्याय हाताशी ठेवावा. अस्वलाची ओढ असलेल्यांनी मे ते जुलै हा काळ धरावा. त्या दिवसांत खिरणीची फळे पिकतात आणि ती खाण्यासाठी अस्वले झाडांवर चढतात किंवा झाडांखाली रेंगाळतात.

हत्ती नक्की दिसतील असे ठिकाण कोणते?

उडवलवे. वर्षाच्या कोणत्याही महिन्यात, अर्ध्या दिवसाच्या फेरीतही, तिथे हत्ती दिसले नाहीत असे क्वचितच घडते, कारण सुमारे ३०८ चौरस किलोमीटरांचे हे उद्यान जलाशयाभोवतीच्या उघड्या गवताळ प्रदेशाचे आहे आणि नजर दूरवर पोहोचते.

मोठा समुदाय पाहायचा असेल तर मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हबरानाजवळच्या मिन्नेरियाला जावे. राजा महासेनाने तिसऱ्या शतकात बांधलेला तेथील तलाव उन्हाळ्यात आटत जातो, उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीवर कोवळे गवत उगवते, आणि भोवतालच्या जंगलांतून शेकडो हत्ती त्यावर चरायला उतरतात. अलीकडे तलावात बाहेरून पाणी सोडले गेले की गवत पाण्याखालीच राहते आणि कळप शेजारच्या कौडुल्लाकडे किंवा हुरुलूच्या जंगलाकडे वळतात. म्हणून उद्यानाचे नाव ठरवून तिकीट काढण्यापेक्षा त्या सकाळी हत्ती कुठे आहेत हे स्थानिक चालकाला विचारून ठरवावे. प्रामाणिक चालक तिघांपैकी योग्य नाव सांगतो.

सुळेवाला नर दिसला नाही म्हणून निराश होऊ नये. श्रीलंकेच्या हत्तींमध्ये दहा टक्क्यांहूनही कमी नरांना सुळे असतात. २०११ च्या गणनेत बेटावर ५,८७९ रानटी हत्ती मोजले गेले होते, आणि त्यांतील कित्येक राखीव जंगलांच्या बाहेर, शेतांच्या आणि गावांच्या कडेने वावरतात. याचा थेट संबंध पायी फिरणाऱ्यांशी आहे. हबराना, सिगिरिया, उडवलवे आणि कतरगामा या परिसरांत अंधार पडल्यावर जेवणासाठी गेस्ट हाउसपर्यंत चालत जाणे, अंतर एक किलोमीटर असले तरी, टाळावे आणि टुकटुक बोलवावी. बुट्टला ते कतरगामा या रस्त्यावर काही हत्तींना वाहनांतून खाऊ मिळवण्याची सवय लागली आहे. तिथे खिडकी उघडून फळ देणे हे पुढच्या प्रवाशाच्या जिवाशी खेळणे ठरते. पायी असताना हत्ती समोर आलाच तर छायाचित्राचा विचार सोडून, त्याला वाट मोकळी ठेवून, शांतपणे मागे सरावे. कळपात पिल्लू असेल तर अंतर आणखी वाढवावे.

जंगलात पायी फिरता येते का? तंबू लावता येतो का?

बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत वाहनातून खाली उतरण्यास मनाई आहे. तंबूसाठी वन्यजीव विभागाने नेमून दिलेल्या जागा आहेत आणि त्यांची परवानगी आधी काढावी लागते. मोकळ्या रानात मनाला येईल तिथे तंबू ठोकण्याची कल्पना मनातून काढून टाकावी, कारण कोरड्या पट्ट्यातील कोणत्याही तळ्याच्या काठाकडे जाणारी वाट रात्री हत्तींची असते. तंबू, चटई आणि स्टोव्ह यांचे वजन घरीच राहू दिले तर दोघांच्याही पाठी सुखी राहतात.

चालण्याची हौस भागवणारी ठिकाणे वेगळी आहेत, आणि ती उत्तम आहेत. हॉर्टन प्लेन्स हे समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवरील गवताळ पठार असून तेथील सुमारे साडेनऊ किलोमीटरांची वर्तुळाकार वाट आपली आपण चालता येते. ‘वर्ल्ड्स एंड’ या कड्यावरून जमीन एकदम आठशे मीटरांहून अधिक खोल तुटलेली दिसते, मात्र सकाळी नऊ-दहानंतर धुके वर चढून सारे पांढरे करून टाकते. म्हणून सहाच्या सुमारास प्रवेशद्वारापाशी असावे. तिथे पहाटे थंडी असते, जानेवारी-फेब्रुवारीत कधी कधी दवाचे हिमकण होतात, आणि उष्ण कटिबंधातील बेट म्हणून केवळ पातळ कपडे आणणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होते. प्रवेशद्वारावर सॅक उघडून खाऊची प्लास्टिक वेष्टने काढून घेतली जातात. सांबरे माणसांना सरावलेली आहेत आणि अगदी जवळ येतात. त्यांना काहीही खायला घालू नये.

सिंहराजा हे १९८८ पासून जागतिक वारसा यादीत असलेले सखल प्रदेशातील वर्षावन आहे आणि तिथे वाटाड्या सोबत घेणे सक्तीचे आहे. ही सक्ती ओझे मानू नये. घनदाट छताखाली स्वतःच्या डोळ्यांना हिरव्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही, आणि वाटाड्या मात्र हाताच्या अंतरावरील पानावर बसलेला सरडा किंवा फांदीला वेढा घालून पडलेला हिरवा चापडा दाखवतो. तेथील खरी मौज मिश्र थव्यांची आहे. तासभर जंगल मुके असते, मग नारिंगी चोचीच्या सातभाईंचा कलकलाट आणि शेंडीवाल्या कोतवालाची हाक ऐकू येते, आणि त्यांच्या मागोमाग कितीतरी जातींचे पक्षी एकत्र, एकाच दिशेने डोक्यावरून सरकत जातात. बेटावर तीसहून अधिक पक्षी प्रदेशनिष्ठ आहेत आणि त्यांतील बहुतेक या जंगलात भेटतात. एक लहानसे तांबूस घुबड तर २००१ मध्ये इथेच प्रथम दृष्टीस पडले आणि २००४ मध्ये नवी जात म्हणून नोंदले गेले. कुडावाकडून प्रवेश केल्यास पक्ष्यांसाठी अधिक चांगले. देनियायाकडचा पिटदेनिया प्रवेश ओढे आणि धबधबे यांसाठी चांगला.

अनेक दिवस चालायचे असेल तर कँडीपासून नुवारा एलियापर्यंत चहामळ्यांतून जाणारी, २२ टप्प्यांत विभागलेली, सुमारे ३०० किलोमीटरांची पेको ट्रेल आहे. तिचे दोन-तीन टप्पे निवडून चालता येतात. वन्यजीवांच्या दृष्टीने ती मध्यम आहे, पक्ष्यांच्या दृष्टीने चांगली.

जळवांचा त्रास किती असतो?

सिंहराजात आणि पावसाळी डोंगरात तो असतोच. जळू रोग पसरवत नाही, वेदनाही होत नाही, पण रक्त बराच वेळ थांबत नाही आणि पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला भीती वाटते. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे पँटवरून चढवावेत, दर दहा मिनिटांनी एकमेकांचे पाय पाहावेत, आणि चिकटलेली जळू नखाने तिच्या लहान टोकाकडून सरकवून काढावी. कोरड्या पट्ट्यात जळवा नसतात, तिथे गोचिडी असतात. मुक्कामी परतल्यावर काखा, मान आणि कानांमागची जागा एकमेकांनी तपासावी. दोघांनी प्रवास करण्याचा हा एक रोकडा फायदा आहे.

साप चावला तर काय करावे?

घोणस, नाग, मण्यार आणि फुरसे हे सर्व तिथे आहेत, शिवाय उंचावलेल्या नाकाचा चापडा आहे, जो पानगळीत बेमालूम मिसळून जातो आणि ज्याच्या दंशाच्या घटना बेटावर सर्वाधिक घडणाऱ्यांपैकी आहेत. नेहमी वापरले जाणारे प्रतिविष या चापड्याच्या विषावर लागू पडत नाही. त्यामुळे साप ओळखण्याच्या किंवा मारून बरोबर नेण्याच्या फंदात न पडता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून, आवळून न बांधता, चिरा न देता, थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात जावे. मोफत रुग्णवाहिकेसाठी १९९० हा क्रमांक आहे. तो दोघांच्याही फोनमध्ये असावा, एकाच्या नव्हे.

खबरदारी सोपी आहे. रात्री विजेरीशिवाय अंगणातही उतरू नये, बूट झटकून घालावेत, जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, हे तेथील डॉक्टरांच्या नित्य अनुभवाचे आहे.

मलेरियाच्या गोळ्या घ्याव्या लागतात का?

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०१६ मध्ये श्रीलंका मलेरियामुक्त घोषित केली आहे. डेंग्यू मात्र आहे, आणि त्याचा डास दिवसा चावत असल्याने रात्रीची मच्छरदाणी त्यावर पुरेसा उपाय नाही. दिवसा लांब बाह्यांचे कपडे आणि डासरोधक मलम वापरावे. अचानक ताप आणि अंगदुखी सुरू झाल्यास ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन न घेता रक्ततपासणी करून घ्यावी. पायाला जखम असताना भातखाचरांच्या चिखलात उतरल्यास लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराची भीती असते. कुत्रा किंवा माकड चावल्यास, नुसता ओरखडा असला तरी, साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. जलसंजीवनीची पाकिटे, बुरशीवरचे मलम आणि चिकटपट्टी एवढे बरोबर असले की बाकी सर्व तिथल्या औषधाच्या दुकानात मिळते.

देवमासे आणि कासवे पाहण्यासाठी कुठे जावे?

दक्षिणेला मिरिस्सा येथून साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि पूर्वेला त्रिंकोमाली येथून साधारण मे ते ऑगस्ट, असे निळ्या देवमाशांचे हंगाम आहेत. मिरिस्सापुढचा समुद्र जगातील अत्यंत गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एकाला लागून आहे, आणि जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात. सहलीच्या बोटींनीही त्यांचा पाठलाग करू नये. नियमाप्रमाणे बोटीने १०० मीटरांचे अंतर राखायचे असते. नाव आरक्षित करताना हा नियम तुम्ही पाळता का, असे सरळ विचारावे आणि उत्तर देताना जो हसतो त्याच्याकडे जाऊ नये. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी घ्यावी. दोघांपैकी एकाला समुद्र सोसत नसेल तर त्याने किनाऱ्यावर थांबावे, यात रुसण्यासारखे काही नाही.

कासवांसाठी तंगल्लेजवळचे रेकावा चांगले. गावातील माणसे किनाऱ्यावर पहारा देतात, कासव वाळूवर चढून अंडी घालू लागल्यावरच पाहुण्यांना जवळ नेतात, आणि पांढरा प्रकाश वापरू देत नाहीत. कधी मध्यरात्रीपर्यंत काळोखात बसूनही कासव येत नाही. याउलट किनारी रस्त्यावरील काही कासवकेंद्रांत पिल्ले दिवसेंदिवस टाक्यांत ठेवून पाहुण्यांच्या हातात दिली जातात. पिल्लांनी अंड्यातून निघताच समुद्र गाठायचा असतो, म्हणून अशा ठिकाणी पैसे न दिलेले बरे.

हत्तीवर बसणे किंवा हत्तीला आंघोळ घालणे योग्य आहे का?

आम्ही याला नाही म्हणतो. साखळदंडाने बांधलेल्या हत्तीची पाठ पर्यटकांच्या आसनासाठी बनलेली नाही. अनाथ पिल्ले पाहायची असल्यास उडवलवे येथील, १९९५ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात जावे. तिथे ठरावीक वेळी पिल्लांना दूध पाजताना अंतरावरून पाहता येते, स्पर्श करता येत नाही, आणि मोठी झालेली पिल्ले पुन्हा जंगलात सोडली जातात.

दोघांच्या आवडी वेगळ्या असतील तर?

हा प्रश्न सर्वाधिक जोडपी विचारतात, आणि जंगलात तो शहरापेक्षा तीव्र होतो. एकाला बिबट्या हवा असतो आणि दुसऱ्याला पक्षी. एकजण पाच तास जीपमध्ये निमूट बसू शकतो आणि दुसऱ्याला दीड तासानंतर पाठ मोकळी करावीशी वाटते. जीपमध्ये बसल्यावर यावर तोडगा निघत नाही, कारण तिथे बोलायचे नसते.

निघण्यापूर्वी प्रत्येकाने एक प्राणी किंवा एक जागा आपली म्हणून निवडावी. ज्याची निवड, त्या दिवसाचे वेळापत्रक त्याचे. दुसऱ्याने त्या दिवशी तक्रार न करता सोबत द्यावी. उरलेल्या दिवसांत पहाटेच्या फेरीला एकटे जाण्याची मुभा दोघांनाही असावी. दुर्बिणी दोन असाव्यात. एका दुर्बिणीत दोघांचे भागत नाही, कारण मिश्र थवा अर्ध्या मिनिटात निघून जातो आणि ‘मला दे’ म्हणेपर्यंत फांदी रिकामी होते. किमान एक हलकी, आठ पट मोठे दाखवणारी जोड आणि दुसरी साधी असली तरी चालते.

थकवा, भूक आणि उकाडा यांमुळे होणारी भांडणे बहुधा दुपारी एक ते चार या वेळेत होतात. त्या वेळी प्राणीही सावलीत असतात. तेव्हा जेवावे, झोपावे आणि कोणताही निर्णय घेऊ नये.

सॅकमध्ये काय असावे, आणि ओझे कसे वाटून घ्यावे?

प्रत्येकी आठ-नऊ किलोंच्या वर जाऊ नये, कारण बसमध्ये सॅक मांडीवर किंवा चालकाजवळच्या जागेत ठेवावी लागते. औषधांची पेटी, चार्जर, साबण, दोरी, पाणी शुद्ध करण्याचे साधन या गोष्टी दोघांत मिळून एकेक पुरतात. पैसे, कार्डे, पासपोर्टच्या प्रती आणि विम्याचे कागद मात्र दोन्ही सॅकमध्ये विभागून असावेत, म्हणजे एक सॅक हरवली तरी प्रवास थांबत नाही. कपडे मातकट, हिरवे किंवा करडे असावेत. पोंचो, लवकर वाळणारे दोन जोड, डोंगरासाठी एक गरम कपडा, आणि आतून संपूर्ण सॅक झाकणारी जाड पिशवी एवढे हवे. दमट हवेत दुर्बिणीच्या आणि कॅमेऱ्याच्या भिंगांवर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती हवाबंद डब्यात ठेवावीत.

बस, रेल्वे आणि स्कूटर यांपैकी काय निवडावे?

बस सर्वत्र जाते आणि अत्यंत स्वस्त आहे. पुढच्या जागा भिक्खूंसाठी राखीव असतात, त्या रिकाम्या दिसल्या तरी सोडाव्यात. खच्चून भरलेल्या बसमध्ये स्त्रियांना धक्क्यांचा त्रास होऊ शकतो, म्हणून खिडकीकडची जागा जोडीदाराला द्यावी किंवा पुढची बस घ्यावी. डोंगरातील रेल्वेमार्ग पट्टीपोलाजवळ समुद्रसपाटीपासून १,८९८ मीटर उंचीपर्यंत चढतो, आणि ओहिया व पट्टीपोला ही स्थानके हॉर्टन प्लेन्सला सर्वांत जवळची आहेत. दरडी कोसळल्यावर हा मार्ग बंद ठेवला जातो, म्हणून तो चालू असल्याची खात्री करूनच बेत आखावा. स्कूटरसाठी आंतरराष्ट्रीय परवान्यावर स्थानिक मान्यता लागते. दोन माणसे आणि दोन सॅका घेऊन स्कूटरवरून हत्तींच्या प्रदेशात संध्याकाळी जाणे आम्हाला मुळीच मान्य नाही.

खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

राहणे, खाणे आणि बस यांवर दोघांचा खर्च आटोक्यात राहतो. खिसा रिकामा होतो तो उद्यानांत. तिथे माणशी प्रवेशशुल्क, गटामागे सेवाशुल्क, वाहनशुल्क आणि त्यावर कर अशी रचना असते, आणि जीपचे भाडे निराळे. सेवाशुल्क आणि जीप यांचा खर्च गटामागे असल्यामुळे दोघांनी स्वतंत्र जीप केल्यास तो दुपटीने अंगावर येतो. गेस्ट हाउसच्या मालकाला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवल्यास दुसरे एखादे जोडपे मिळते. त्यांना पक्ष्यांसाठी थांबणे चालेल का, हे मात्र आधी विचारावे. सार्क देशांच्या नागरिकांना काही ठिकाणी सवलतीचा दर असतो, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा. दर आणि प्रवेशपरवान्याचे नियम वारंवार बदलतात. ते निघण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत.

लग्न झालेले नसल्यास खोली मिळते का? वागण्याचे काही संकेत आहेत का?

पाहुण्यांची ये-जा असलेल्या गावांत परदेशी जोडप्याला खोली देताना लग्नाचा दाखला सहसा मागत नाहीत. होमस्टे म्हणजे कोणाचे तरी घर असते, तेथील आजी-आजोबांसमोर संयमाने वागावे. रस्त्यावर आणि देवळांत एकमेकांना मिठी मारणे किंवा चुंबन घेणे लोकांना रुचत नाही. विहारात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये, आणि स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही याची काळजी घ्यावी. दर पौर्णिमेला पोया असतो. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, मद्यविक्री बंद असते आणि उद्यानांत स्थानिक कुटुंबांची गर्दी होते.

शाकाहारी माणसाचे कसे चालते?

उत्तम चालते. भात आणि त्यासोबतच्या डाळ, फणस, वांगी, बीट अशा चार-पाच भाज्या कुठेही मिळतात. एकच सावधगिरी घ्यावी. सांबोल नावाच्या नारळाच्या चटणीत आणि काही भाज्यांत वाळवलेल्या माशाचा चुरा घालतात, आणि तो दिसत नाही. मासे नकोत एवढे म्हणण्याने पुष्कळदा भागत नाही. चुराही नको, असे सांगावे.

शिंपले, पिसे, फुलपाखरे आठवण म्हणून आणता येतात का? ड्रोन चालतो का?

आणता येत नाहीत. प्रवाळ, कासवाच्या कवचाच्या वस्तू, जिवंत किंवा मृत कीटक, वनस्पती यांपैकी काहीही बाहेर नेण्याविरुद्ध कायदा कडक आहे आणि त्याची अंमलबजावणीही होते. यालामध्ये बरण्यांत शेकडो कीटक भरून नेताना पकडलेल्या दोन परदेशी पाहुण्यांना २०२४ मध्ये सहा कोटी श्रीलंकन रुपयांचा दंड झाला. गळून पडलेले मोराचे पीसही जागेवरच राहू द्यावे. ड्रोनसाठी नागरी उड्डाण प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि राष्ट्रीय उद्यानांत विशेष परवान्याशिवाय तो उडवता येत नाही. जंगलासाठीच जात असाल तर तो बरोबर घेऊच नये.